मणक्याचा आकडा वाढला, मनगटाचा का नाही?

गुहागर तालुक्यातल्या एका 63 वर्षांच्या निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलं आहे. दोन वर्षांपूर्वी श्रावणात विहिरीच्या चिऱ्याच्या पायरीवरून त्यांचा पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांनी हाडांची घनता मोजायला सांगितली. ती कोल्हापुरात मोजली. टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडाच्या तुलनेत आपलं हाड कुठं आहे तो आकडा; जितका उण्यात, तितकं हाड विरळ) निघाला कमरेच्या मणक्यांत उणे 3.0, खुब्याच्या मानेत (मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाशी असलेला निमुळता भाग) उणे 2.5, हातात उणे 2.4. तेव्हापासून हाडांची झीज थांबवणारी ॲलेंड्रोनेटची 70 मिलिग्रॅमची गोळी दर सोमवारी चालू आहे. यंदा मुलाकडे मुंबईला गेल्या असताना तिथं पुन्हा मोजणी केली. मुलानं कॅल्क्युलेटरवर हिशेब केला: मणक्यांत 5.5 टक्के वाढ, खुब्यात दीड टक्का वाढ, हातात एक टक्का घट. इकडे ठाण्याच्या नणंदेला रोज पोटावर टोचायचं इंजेक्शन आहे आणि तिचे मणके वर्षभरात 11 टक्के वाढले. ताई विचारतात, "जिथं मोडलं तिथलंच हाड वाढत नसेल तर या गोळीचा उपयोग काय? मी नणंदेचं इंजेक्शन सुरू करू का? मुलगा म्हणतो, सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं नवं इंजेक्शन घे, ते सगळ्या हाडांवर चालतं. आमचे डॉक्टर मात्र 'आहे तेच चालू ठेवा' एवढंच म्हणाले."

ताई, दोन्ही रिपोर्टांच्या प्रती सोबत जोडल्यात हे फार बरं केलंत. अर्धी उत्तरं त्या कागदांतच आहेत. मी तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे औषध बदलायचं का, यावर शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा. पण त्यांच्यासमोर बसाल तेव्हा काय विचारायचं ते इथं ठरवून घेऊ. दवाखान्यात गर्दी असली की 'चालू ठेवा' एवढंच ऐकून घरी परतणारे पुष्कळ असतात, त्यांनाही याचा उपयोग होईल.

मनगटापासूनच सुरुवात करू, कारण तुमच्या मनात सल आहे तो तिथला. दोन्ही रिपोर्टांत हाताच्या पानावर 'रेडियस 33 टक्के' असं छापलं आहे. रेडियस म्हणजे मनगट ते कोपर यांमधलं अंगठ्याच्या बाजूचं हाड. ही जागा मनगटाच्या सांध्यात नसते. मनगटाकडून कोपराकडे निघालात तर हाडाच्या लांबीचा एक तृतीयांश भाग ओलांडल्यावर ती लागते. हातावर पडल्यावर मनगट मोडतं ते बहुतेक वेळा सांध्यापासून दोन-अडीच सेंटिमीटरवर, साधारण बांगड्या असतात तिथं. म्हणजे मोडलं एकीकडे आणि मोजलं दुसरीकडे. 'जिथं मोडलं तिथलंच वाढलं नाही' असं तुम्ही लिहिलंत, पण जिथं मोडलं तिथं कुणी मोजलेलंच नाही.

आणि या दोन जागांचं हाड एका जातीचं नाही. आपण 'हाड' म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर एकसंध पांढरी काठी येते. प्रत्यक्षात हाडाचे दोन प्रकार आहेत. एक भरीव आणि घट्ट, दुसरं आतून जाळीदार, तव्यावरच्या घावनाला पडते तशी जाळी असलेलं. सांगाड्याच्या एकूण वजनात भरीव हाड साधारण 80 टक्के, जाळीदार 20 टक्के. पण ही वाटणी सगळीकडे सारखी नाही. मणक्यांच्या पोटात जाळी भरपूर. मनगटाच्या अगदी टोकालाही जाळी बरीच. खुब्यात दोन्ही मिसळलेलं. आणि ती 33 टक्क्यांची जागा जवळपास पूर्ण भरीव.

औषधाचा सगळा खेळ या जाळीभोवती आहे. हाड आयुष्यभर मोडून पुन्हा बांधलं जात असतं. काही पेशी जुनं हाड कुरतडतात, काही पेशी नवं भरतात. हे काम चालतं हाडाच्या पृष्ठभागावर, आणि जाळीला पृष्ठभाग अफाट. म्हणून जाळीदार हाडाचा साधारण पाव हिस्सा दरवर्षी नव्यानं घडतो, तर भरीव हाडाचा जेमतेम 3 टक्के. पाळी गेल्यावर झीजही आधी जाळीतच दिसते आणि औषधाचा गुणही आधी तिथंच दिसतो. तुमचे मणके वाढले, खुबा थोडा हलला, हात जागच्या जागी राहिला, हा क्रम कुठल्याही औषधात साधारण असाच असतो. गोळी फसली असं त्यावरून म्हणता येत नाही.

मुलाला दाखवायला आकडे हवे असतील तर मोठ्या चाचण्यांमधले देतो. ॲलेंड्रोनेट 3 वर्षं घेतलेल्या स्त्रियांत, औषध नसलेली नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत, मणक्यांची घनता साधारण 6 टक्क्यांनी जास्त भरली, खुब्याची 4 ते 5 टक्क्यांनी. हाताच्या भरीव भागात या गोळीनं वाढ झालीच तर ती एखाद-दुसऱ्या टक्क्याची. वर्षातून एकदा सलाइनमधून देतात ते झोलेड्रोनिक ॲसिड: 3 वर्षांत मणके 6.7 टक्के, खुबा 6 टक्के. मुलगा म्हणतो ते सहामाही इंजेक्शन म्हणजे डेनोसुमॅब: 3 वर्षांत मणके 9.2, खुबा 6 टक्के. नणंदेचं रोजचं इंजेक्शन बहुधा टेरिपॅराटाइड असणार: पावणेदोन वर्षांच्या सुमाराला मणके 9 टक्क्यांनी पुढे, खुब्याची मान फक्त 3 टक्क्यांनी, आणि हाताच्या भरीव भागात वाढ नाहीच, उलट किंचित उतार.

डेनोसुमॅब 'सगळ्या हाडांवर चालतं' हे मुलाचं म्हणणं खोटं नाही, अर्धं आहे. भरीव हाडातही ते बऱ्यापैकी पोचतं आणि हाताचा आकडा थोडा तरी वर नेतं. पण हे औषध सलग 10 वर्षं घेतलेल्या स्त्रियांची नोंद पाहा. मणके 21.7 टक्के, खुबा 9.2 टक्के आणि हाताची ती 33 टक्क्यांची जागा 2.7 टक्के. दहा वर्षांत पावणेतीन! हाताचा आकडा डोळ्यांत भरेल इतका वाढवणारं औषध शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही.

आता मला तुमच्या गृहीतकालाच हात घालायचा आहे. आकडा वाढला म्हणजे हाड वाचलं आणि नाही वाढला म्हणजे गेलं, असं तुम्ही धरून चालला आहात. आपल्याला टाळायचं आहे ते हाड मोडणं. आकडा हा त्याचा अंदाज बांधायचं एक साधन. 1996 साली ॲलेंड्रोनेटची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, मणका आधीच दबलेल्या 2,027 स्त्रियांवरची. त्यांच्यात खुबा मोडण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं आणि मनगट मोडण्याचंही जवळपास निम्म्यावर आलं. म्हणजे जिथं घनतेची वाढ नाव घेण्यासारखी नसते, त्या हाताचंही रक्षण झालं. कुरतडणं थांबलं की जाळीचे पातळ झालेले धागे तुटायचे थांबतात आणि हाडाला बळकटी येते, आकडा फारसा न हलताही. खरं बोलायचं तर याच चाचणीच्या दुसऱ्या भागात, मणका न दबलेल्या स्त्रियांमध्ये, मनगटाचा हा फायदा दिसला नव्हता. म्हणून 'गोळी घेतली की मनगट सुरक्षित' अशी हमी मी देणार नाही. पण 'हाताचा आकडा हलला नाही म्हणून गोळी वाया गेली' हेही बरोबर नाही.

उलट उदाहरणही आहे. रालॉक्सिफीन नावाची गोळी मणक्यांची घनता जेमतेम 2-3 टक्के वाढवते, तरी मणके दबण्याचं प्रमाण ती चांगलं खाली आणते. पण खुबा मोडणं तिनं कमी होत नाही. औषध जागा बघून गुण देतं तो असा. तेव्हा कुठल्या औषधानं आकडा जास्त उडी मारतो, यापेक्षा आपला कुठला भाग मोडण्याची भीती जास्त आणि त्या भागाचं मोडणं या औषधानं कमी होतं का, हे विचारा. साठी ओलांडल्यावर मी सगळ्यांत आधी खुब्याकडे बघतो. मनगट दीड महिन्यात जुळतं, खुबा माणसाला अंथरुणाला खिळवतो. तुमच्या रिपोर्टातही मला जास्त काळजी वाटते ती खुब्याच्या उणे 2.5 ची.

तर तिथं दीड टक्काच का वाढला, आणि हात का घटला? इथं मला तीन गोष्टी दिसतात आणि तिन्हींत औषधाचा दोष नाही.

पहिली, दोन मशिनं. कोल्हापूरचं मशीन एका कंपनीचं आणि मुंबईचं दुसऱ्या कंपनीचं आहे, रिपोर्टाच्या कोपऱ्यात छापलेलं आहे बघा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशिनांवरचे आकडे एकमेकांतून वजा करून टक्केवारी काढता येत नाही. एकाच मशीनवर, तोच माणूस मोजत असला तरी मणक्यांत आणि खुब्यात 3 ते 5 टक्क्यांच्या आतला फरक खरा की मोजणीतला, हे सांगता येत नाही. खुब्याच्या मानेत तर त्याहून जास्त फरक पडल्याशिवाय विश्वास ठेवू नये. म्हणजे तुमचा दीड टक्का आणि तो उणे एक टक्का, दोन्ही सध्या शून्य समजा. मणक्यांचे 5.5 टक्के मात्र दिलासा देणारे आहेत, तेही जरा सांभाळून. या वयात मणक्यांच्या कडांना हाडाची टोकं फुटतात आणि मशीन ती घनतेत मोजून टाकतं. दबलेला मणकाही मशीनला जास्त घट्ट दिसतो.

दुसरी, हात. कोल्हापूरच्या रिपोर्टात 'लेफ्ट फोरआर्म' आहे, मुंबईच्या रिपोर्टात 'राइट'. उजवा म्हणजे तुमचा मोडलेला. प्लास्टरमधल्या हाताचं हाड न वापरल्यानं घटतं, आणि जुळल्यावर त्याची ठेवणही पहिल्यासारखी राहत नाही. मोडून गेलेला हात घनतेसाठी मोजूच नये. टेक्निशियनला कुणी सांगितलं नसेल, त्यानं विचारलंही नसेल.

तिसरी गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात. "सोमवारी पहाटे चहाबरोबर गोळी घेते, पाऊण तासानं पेज." ताई, सगळं पत्र वाचून मी या एका वाक्याशी थांबलो. ही गोळी शोषून घ्यायला पोट फार नाखूश असतं. रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, सगळे नियम पाळून घेतली तरी तिचा 100 मधला एक भागसुद्धा रक्तात उतरत नाही. कॉफी किंवा संत्र्याच्या रसाबरोबर घेतली तर त्या इवल्याशा भागातलाही साधारण 60 टक्के जातो. तुमच्या चहात तर दूध, आणि दुधातलं कॅल्शियम या औषधाला धरून ठेवतं. दोन वर्षांतल्या किती सोमवारी गोळी अंगाला लागली, हा प्रश्नच आहे. एवढं असूनही मणके वाढले असतील तर गोळीला नावं ठेवण्याआधी तिला एकदा धड संधी द्यायला हवी.

ती अशी. सकाळी उठल्यावर तोंडात दुसरं काही जाण्याआधी पेलाभर साधं पाणी आणि गोळी. चावायची नाही, चघळायची नाही. मग किमान अर्धा तास चहा नाही, पेज नाही, दुसरी कुठलीही गोळी नाही, आणि आडवं व्हायचं नाही, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून छातीत जळजळ करते. या अर्ध्या तासात झाडांना पाणी घाला, अंगण झाडा, फुलं काढा, बसायचं असेल तर ताठ बसा. कॅल्शियमची गोळी सकाळी घेत असाल तर ती सरळ दुपारच्या जेवणावर ढकला. महिन्यातून एकदा घ्यायची आयबँड्रोनेटची गोळी ज्यांना आहे त्यांनी अर्ध्याऐवजी एक तास थांबायचं. चहाशिवाय डोळे उघडत नाहीत अशी माणसं कोकणात घरोघरी आहेत, मी त्यांतलाच आहे, म्हणून हे इतकं लांबण लावून लिहिलं.

एक तपासणी मात्र डॉक्टरांना आवर्जून विचारा. मणके आणि खुबा बरे, पण हाताचा भरीव भागच तेवढा फार घसरलेला, असं चित्र असेल तर गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी जास्त काम करत आहेत का ते बघावं लागतं. त्या भरीव हाड आधी पोखरतात. तुमचा हात बाकीच्यांपेक्षा वाईट नाही, तेव्हा घाबरू नका. पण रक्तातलं कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, क्रिएटिनीन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी तपासणी), थायरॉइड आणि पॅराथायरॉइड हार्मोन एकदा बघून घेतलेलं बरं. ज्यांचं हाड मोडण्यासारखं मोठं कारण नसताना मोडलं, त्या सगळ्यांनीच हे करावं. आणि गुडघ्यासाठी बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्या घेत असाल तर बंद करा. असल्या काही पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं, आणि हाडं झिजवण्यात स्टेरॉइडचा हात धरणारं औषध नाही.

आता नणंदबाईंचं इंजेक्शन. त्यांचे दोन मणके आधीच दबलेत असं तुम्हीच लिहिलंय. अशा माणसाला टेरिपॅराटाइड देणं योग्यच. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत, मणके दबलेल्या स्त्रियांपैकी टेरिपॅराटाइड घेणाऱ्या 5.4 टक्के जणींचा दोन वर्षांत नवा मणका दबला, तर रिसेड्रोनेट ही ॲलेंड्रोनेटच्या जातीची गोळी घेणाऱ्यांमध्ये 12 टक्के जणींचा. त्यांची जखम मणक्यात आहे आणि हे औषध मणक्याची जाळी भरण्यात पटाईत आहे. पण तुमची गोष्ट तशी नाही. शिवाय एक अडचण ठाण्याच्या गप्पांत निघणार नाही. ॲलेंड्रोनेटसारखी गोळी वर्षानुवर्षं घेऊन मग टेरिपॅराटाइड सुरू केलं तर पहिले सहा महिने ते वर्षभर खुब्याचा आकडा वाढायच्या ऐवजी खाली येतो. भरीव हाडात हे औषध आधी मोडतोड वाढवतं, बारीक छिद्रं पाडतं, मग भरतं. हाताचा आकडा सुधारावा म्हणून तुम्ही ज्या औषधाकडे बघताय, ते नेमकं त्याच जागी सगळ्यांत कंजूष आहे. औषधांचा क्रमही महत्त्वाचा असतो. हाड बांधणारं औषध आधी आणि झीज थांबवणारं नंतर, हा क्रम चांगला लागू पडतो. ते दोन वर्षांनी थांबवल्यावर कमावलेलं टिकवायला झोलेड्रोनिक किंवा तसलं काही घ्यावंच लागतं, नाहीतर पैसे पाण्यात. नणंदेला पुढचा बेत ठरलाय का, एवढं मात्र विचारा.

रोमोसोझुमॅब हे आणखी नवं, महिन्याला एकदा असं वर्षभर घ्यायचं. त्यानं वर्षात मणके 13.3 आणि खुबा 6.9 टक्के वाढल्याची नोंद आहे. पण ते फार धोक्यातल्या रुग्णांसाठी, आणि हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांना टाळतात. तुम्हाला सध्या त्याची गरज दिसत नाही.

मुलाच्या डेनोसुमॅबवर मात्र जरा थांबू. औषध चांगलं आहे यात वाद नाही. ज्यांच्या मूत्रपिंडाचं काम इतकं मंदावलंय की ॲलेंड्रोनेट किंवा झोलेड्रोनिक देता येत नाही, त्यांच्यासाठी ते फार मोलाचं. (त्यांना ते कॅल्शियमवर बारीक लक्ष ठेवूनच देतात, कारण रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली येऊ शकतं.) ॲलेंड्रोनेटशी त्याची थेट तुलनाही झाली आहे: एका वर्षात खुबा 3.5 टक्के विरुद्ध 2.6 टक्के. पुढे आहे, पण जमीन-अस्मानाचा फरक नाही. अडचण येते ती ते चुकलं की. ॲलेंड्रोनेट आणि झोलेड्रोनिक हाडाला चिकटून राहतात आणि बंद केल्यावरही काही काळ पुरतात. डेनोसुमॅब हाडात राहत नाही. सहा महिने झाले की त्याचा अंमल उतरतो आणि दाबून ठेवलेली झीज दुप्पट जोमानं उसळते. मिळवलेलं वर्षभरात निघून जातं आणि काही जणांचे एकापाठोपाठ एक मणके दबतात. तारीख महिनाभर पुढे गेली तरी धोका वाढू लागतो. मुंबईत ठीक आहे, खाली उतरलं की केमिस्ट. तुमच्या गावाहून तालुक्याला जायचं, तिथं औषध फ्रिजमधलं मिळायला हवं, एक मात्रा नेमकी जुलैत आली तर रस्ता आणि वीज दोन्ही असायला हवेत. 2020 च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडची कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. रोजच्या टेरिपॅराटाइडच्या पेनालाही 2 ते 8 अंशांचा फ्रिज लागतो. मुलगा दर सहा महिन्यांनी न चुकता स्वतः येऊन इंजेक्शन देऊन जाणार असेल तर विचार करा. गणपती आणि शिमग्यालाच येणार असेल तर नको.

मग बदलायचंच असेल तर? माझा कल झोलेड्रोनिककडे आहे. तेही आत्ता लगेच नाही. गोळीनं पित्त उसळत असेल, पहाटेचा तो अर्धा तास खरंच पाळता येत नसेल, किंवा गोळ्या वारंवार चुकत असतील (भाताच्या लावणीत दोन सोमवार राहिले, असं तुम्ही लिहिलंच आहे) तर हे सलाइन तुमच्या ठिकाणाला आणि खुब्याला दोन्हीला सोयीचं. वर्षातून एकदा, 5 मिलिग्रॅम, किमान 15 मिनिटांत हळू सोडायचं. फ्रिजची भानगड नाही. पोटातून जात नसल्यानं चहा आड येत नाही. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 3 वर्षांत त्यानं खुबा मोडण्याचं प्रमाण 41 टक्क्यांनी आणि मणके दबण्याचं 70 टक्क्यांनी कमी केलं होतं. पहिल्या वेळी दोन-तीन दिवस ताप, अंगदुखी होते बऱ्याच जणांना, पॅरासिटामॉलवर भागतं, दुसऱ्या वर्षी त्रास बहुधा कमी. घेण्याआधी क्रिएटिनीन आणि ड जीवनसत्त्व बघायचं, त्या दिवशी पाणी भरपूर प्यायचं. पडकी दाढ काढायची राहिली असेल तर ती आधी काढून जखम भरू द्यायची, कारण ही औषधं चालू असताना जबड्याचं हाड क्वचित न भरण्याचा त्रास होतो. डेनोसुमॅबलाही हेच लागू. आणि यांपैकी काहीही बरीच वर्षं घेत असताना मांडीत किंवा जांघेत विनाकारण दुखू लागलं तर 'वाताचं असेल' म्हणून तेल चोळत बसू नका, एक्स-रे काढा. फार क्वचित मांडीचं हाड मधोमध तडकतं, आणि ते आधी दुखून सांगतं.

खाण्याचं थोडक्यात. नाचणी तुमच्या घरची आहे, 100 ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम देते. भाकरी, आंबील, सत्त्व, कसंही घ्या. मासे खात असाल तर काट्यासकट चावून खाता येणारे बारीक मासे, सुकट, जवळा यांना कमी लेखू नका. मात्र नुसत्या नाचणीवर टी-स्कोअर उणे 3 चा वर येत नाही, तेव्हा 'घरगुती उपायावर गोळी बंद केली' असं पुढच्या पत्रात वाचायला लावू नका. आणि ऊन इतकं असूनही आपल्याकडे ड जीवनसत्त्व कमी निघतं, पावसाचे चार महिने तर बोलायलाच नको. म्हणून अंदाजानं न घेता तपासून घ्या.

तुमचं मनगट हाड ठिसूळ होतं म्हणून मोडलं हे खरं, पण आधी पाय घसरला. त्या विहिरीवर अजून तुम्हीच जाता का, हे पत्रात नाही. जात असाल तर औषध बदलण्याच्या खर्चाच्या मानानं फार थोड्यात पायऱ्यांना एका बाजूनं लोखंडी कठडा बसेल. मृगाच्या आधी शेवाळ घासून ब्लिचिंग पावडर, पायात झिजलेली स्लिपर नको, भरलेली कळशी कमरेवर घेऊन ओल्या चिऱ्यावर उतरणं नको. रात्री मोरीकडे जायच्या वाटेवर दिवा ठेवा. मोतीबिंदू आहे का बघा. झोपेची किंवा रक्तदाबाची गोळी घेतल्यावर उठताना तोल जातो का, तेही डॉक्टरांना सांगा. एका पायावर उभं राहायचा सराव ओट्याला हात धरून रोज करा. मनगटाचं रक्षण त्या एक टक्क्यापेक्षा यानं जास्त होईल.

पुढची मोजणी गोळी नीट घ्यायला लागल्यापासून वर्षभरानं, त्याआधी नाही. ती कोल्हापूरच्या पहिल्याच मशीनवर करा, म्हणजे मधला मुंबईचा रिपोर्ट बाजूला ठेवून सरळ तुलना होईल. हात मोजणार असतील तर डावा, हे टेबलावर झोपतानाच सांगा. गावातल्या शिबिरात टाचेवर मोजून देतात तो आकडा यात मिसळू नका, तो औषधाचा गुण बघायला चालत नाही. गोळी नियमानं घेऊनही खुबा 5 टक्क्यांहून जास्त घसरला किंवा दरम्यान आणखी एखादं हाड मोडलं, तर डॉक्टरांना स्वतःहून विचारा, "आता झोलेड्रोनिकवर जायचं का?" उंची दोन-तीन सेंटिमीटर कमी झाल्यासारखी वाटत असेल किंवा पाठीत अचानक कळ येत असेल तर वर्षभर न थांबता मणक्यांचा एक्स-रे काढा, कारण मणका दबलेला निघाला तर वरचा सगळा हिशेब बदलतो आणि नणंदेच्या इंजेक्शनाचा विचार खरोखरच करावा लागेल. जाताना निकालाची नुसती ओळ नेऊ नका. प्रति चौरस सेंटिमीटर ग्रॅममध्ये आकडे छापलेलं आतलं पान असतं, ते दोन्ही वेळचं न्या.